शांत खोली पाहिजे

शाहूपुरीत शांत खोली शोधून द्यायचं काम मी आपल्या तोंडाने मागून घेतलं. निवृत्त माणसाने असं कधी करू नये. तो घरात नुसता बसलेला दिसला तरी घरच्यांना जेवढी कामं आठवतात, तेवढी त्याला जन्मभर पुरतात. पण मी मागून घेतलं, आणि त्या दिवसापासून जो दमलो आहे तो अजून दमलेलाच आहे.

खोली तेजस्वीसाठी हवी होती. तेजस्वी माझी मुलगी. ती कानाची तज्ज्ञ आहे. म्हणजे कानाचं ऑपरेशन करणारी नव्हे. कानाला काय ऐकू येतं, किती येतं आणि का येत नाही हे मोजणारी. ही दोन वाक्यं मी गेल्या वर्षभरात इतक्या लोकांना ऐकवली आहेत की आता समोरचा माणूस ‘पोरगी काय करते’ म्हणाला की मी ‘बरं चाललंय’ म्हणून पुढे जातो. त्यात शरीराचा तोलसुद्धा कानातच असतो म्हणे, म्हणून ज्यांना गरगरतं तेही तिच्याकडेच येणार. हे सांगितलं की लोक माझ्याकडे दयेने बघतात. चक्कर पित्ताने येते हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला ठाऊक आहे.

पुण्याच्या एका कंपनीने तिला कान तपासायचं यंत्र दिवाळीपर्यंत वापरायला दिलं होतं. तोवर इथे जम बसला तर यंत्र इथेच राहणार. नाही बसला तर यंत्र पुण्याला, आणि यंत्रामागे तीही पुण्याला, कारण त्यांच्या मोठ्या केंद्रात तिच्यासाठी नोकरी तयार होती. मुलगी एकच. शिकायला पाच वर्षं म्हैसूरला काढलेली. आता कुठे घरी आली होती, आणि मला ती घरी हवी होती. हे मी तिला सांगितलं नाही. आमच्यात बाप असलं काही बोलत नाही, तो खोली बघून देतो.

आता आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवालपवी नको. मला कमी ऐकू येतं. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या माझ्या घरातून केव्हाच बंद झाल्या. कोल्हापुरात हे खपून जातं. इथे एकाने दुसऱ्याला ‘जेवलास का’ विचारलं की पलीकडच्या गल्लीतला तिसरा ‘जेवलो’ म्हणून सांगतो. शिवाय मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बत्तीस वर्षं काढली. समोरच्याचं ऐकू आलं नाही तर मान डोलवायची आणि ‘बघू’ म्हणायचं. एवढ्यावर माझं काम कधी अडलं नाही. घरात संयोगिता, म्हणजे माझी बायको, म्हणायची की तुमचं लक्षच नसतं. हा आरोप मी तीस वर्षं आनंदाने सोसला. बहिरा हा शब्द मात्र मला सोसला नसता, आणि तोही पोटच्या मुलीसमोर, जिचा धंदाच कानाचा.

तर असा मी, शांत खोली शोधायला निघालो.

पहिली खोली स्टेशनच्या बाजूला, एका बोळाच्या टोकाला मिळाली. मी दार लावून घेतलं, पालथ्या बादलीवर बसलो आणि दहा मिनिटं डोळे मिटून घेतले. चिटपाखरू नाही. इतकी शांतता मी देवळातही अनुभवलेली नाही. मी तिथल्या तिथे मालकाला शब्द दिला आणि संध्याकाळी तेजस्वीला घेऊन गेलो. ती जिन्यातच थांबली. तिने दोन्ही कानांत बोटं घातली आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. मी इकडेतिकडे बघितलं. काहीच चाललेलं नव्हतं.

भिंतीच्या पलीकडे चांदीच्या पैंजणांना मोटरवर पॉलिश करत होते. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत ती मोटर किंचाळते म्हणे. मालक बिचारा प्रामाणिक होता. तो म्हणाला, “मला वाटलं तुमास्नी चालतंय. धा मिंटं बसलासा की तुमी आत.”

दुसरी खोली मी जास्त काळजीपूर्वक बघितली. खाली रंगीत पक्षी विकणाऱ्याचं दुकान होतं, म्हणून मी मुद्दाम तिथे पाच मिनिटं उभा राहिलो. पिंजऱ्यांत साठ-सत्तर पाखरं होती. हिरवी, पिवळी, निळी. चोची हलत होत्या, पण आवाज म्हणाल तर काही नाही. गुणी पाखरं आहेत, असं मी दुकानदाराला म्हटलंसुद्धा. तो माझ्याकडे बघत राहिला. तेजस्वीने आवाज मोजायचं छोटं यंत्र आणलं होतं. तिने त्यावरचा आकडा बघितला, मग पिंजऱ्यांकडे बघितलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे. मी म्हटलं, तुझं यंत्र बिघडलेलं दिसतंय. घरी येईपर्यंत ती गाडीवर मागे बसून गप्प होती. किंवा बोललीही असेल.

मग संयोगिता भाजी आणायला म्हणून गेली आणि येताना खोली ठरवून आली. गादी कारखानेवाले अझीमभाई, त्यांच्या मागचं गोदाम. भिंती दगडी आणि चारी बाजूंना कापसाचे गठ्ठे. तिथे म्हणे स्वतःचा श्वास ऐकू येतो. मला आला नाही, पण मी मान डोलावली. जे काम मला तीन आठवडे जमलं नाही ते तिने मेथीच्या दोन जुड्यांबरोबर उरकलं, याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

पण गोदाम मिळालं म्हणजे झालं नव्हतं. तपासणीसाठी गोदामाच्या आत आणखी एक पेटी हवी होती. माणूस बसेल एवढी, जाड भिंतींची, एका बाजूला काचेची खिडकी. माणूस आत बसणार, कानांवर यंत्र लावणार, बारीक बारीक आवाज येणार, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर तेजस्वी कागदावर खुणा करणार. एवढंच. पण कुणीतरी पेटी करतंय म्हटल्यावर गल्लीने ती आपलीच समजून सल्ले द्यायला सुरुवात केली.

आमच्या गल्लीत तालीम आहे आणि तालमीत जोतीराम वस्ताद आहेत. वय सत्तर, मान आणि खांदा यांच्यामध्ये देवाने जागाच सोडलेली नाही. ते म्हणाले, अंड्याचे ट्रे लावा, आवाज मरतो, टीव्हीवर दाखवलंय. तालमीची पोरं दिवसाला किती अंडी खातात याचा मला अंदाज नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गॅलरीत तीनशे ट्रे आले. त्यांतल्या निम्म्या ट्रेंना फुटलेलं अंडं लागलेलं होतं. तेजस्वी म्हणाली, याने आवाज अडत नाही. पण वस्तादांना परत न्या म्हणायची कुणाची छाती होती? ते ट्रे, त्यांचा वास आणि त्यांच्यावर आलेल्या मुंग्या पुढे महिनाभर आमच्याकडे राहिल्या. समोरच्या आक्का म्हणाल्या, भिंतीला वाकळा लावा, माझ्याकडं सासूच्या वेळच्या आठ हायती. त्या वाकळाही आल्या.

शेवटी पेटी अझीमभाईंनीच केली. ते गाद्या करणारे तिसऱ्या पिढीचे, आणि गादी उभी करायची ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. माणूस गादीवर निजतो, गादीच्या आत बसत नाही, असं ते दर अर्ध्या तासाने बोलून दाखवत. पण काम त्यांनी जीव ओतून केलं. दोन भिंती, मध्ये ठासून भरणी, आणि बर्फाच्या कारखान्याला शोभेल असं दार. दार बसवल्यावर ते म्हणाले, साहेब, जरा आत बसून बघा. मी आत बसलो. त्यांनी बाहेरून दार दाबलं, छान बसलं म्हणून मान हलवली आणि जेवायला गेले. आतून उघडायची कडी बसवायची राहिली होती.

मी सव्वा तास आत होतो. काचेतून मला जोतीराम वस्ताद दिसत होते. कापसाच्या गठ्ठ्यावर पाठ करून बसले होते आणि पुडीतून भडंग खात होते. मी हाका मारल्या. हाका मारून थकलो तेव्हा दोन्ही हातांनी काच बडवली. काच हलली असावी, कारण ते मागे वळले, मला बघून हात केला आणि परत भडंगाला लागले. मी पेटीची मजबुती तपासतोय असं त्यांना वाटलं. अझीमभाई जेवून आले, त्यांनी दार उघडलं, मी घामाने निथळत बाहेर पडलो. दोघांना अतोनात आनंद झाला. एवढा माणूस बोंबलत होता आणि बाहेर सूतभर आवाज आला नाही, म्हणजे काम एकदम झकास झालंय, असं म्हणून त्यांनी एकमेकांना टाळी दिली. मला पाणी कुणी विचारलं नाही.

परवान्याचं कामही माझ्याकडेच होतं, कारण कचेऱ्यांचा मला अनुभव. खिडकीला काच होती, काचेमागे कारकून होता आणि तो काचेमागे खाली मान घालून बोलत होता. त्याने मला चार-पाच गोष्टी विचारल्या. मी प्रत्येक वेळी मान डोलावली. पंधरा दिवसांनी परवाना हातात आला, त्यावर व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘ध्वनिक्षेपक व मंडप साहित्य भाड्याने देणे’. तो दुरुस्त करायला मी आठ वेळा गेलो. बत्तीस वर्षं मी ज्या बाजूला बसलो होतो तिच्या उलट्या बाजूला उभं राहिल्यावर माणसाचे पाय किती दुखतात हे मला तेव्हा समजलं. कारकून मनाने चांगला होता. त्याने माझ्यासमोर पूर्ण यादी वाचून काढली. चष्म्याचं दुकान होतं, दातांच्या कवळ्या होत्या, केस कापणं होतं. कान कुठेच नव्हता. शेवटी त्याने ‘इतर’मध्ये टाकलं आणि आम्ही दोघांनी सुस्कारा सोडला. मधल्या काळात एक मंडळ गोदामावर मिरवणुकीसाठी स्पीकर ठरवायला येऊन गेलं. तेजस्वीने त्यांना समजावून सांगितलं आणि आलाच आहात तर कान तपासून घ्या म्हणाली. त्यांना ते लागलं.

पेशंट म्हणून पहिल्या आल्या त्या आक्का. त्यांना कूस बदलली की घर फिरायचं. दोन वर्षं पित्ताच्या गोळ्या चालू होत्या. तेजस्वीने त्यांना खाटेवर आडवं केलं, मान एकीकडे वळवली, थोडा वेळ थांबली, मग दुसरीकडे वळवली, कुशीवर केलं आणि बसवलं. दहा मिनिटांत आक्का बऱ्या झाल्या. कानात आत बारीक कण असतात, ते जागा सोडून भलतीकडे गेले की चक्कर येते, ते मी जागेवर आणले, असं तेजस्वीने त्यांना सांगितलं. आक्का घरी आल्या. सरळ चालत आल्या, जिना चढल्या, आणि गल्लीभर सांगत सुटल्या की पोरीला काही येत नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही, सलाईन नाही. नुसतं निजवलं, उठवलं, झालं. चक्कर गेली हे खरं, पण ती आपली आपण गेली.

याप्रमाणे दिवाळी तीन आठवड्यांवर आली. पेटीत बसलेली माणसं मोजायला हाताची बोटं पुरत होती. कंपनीच्या पूर्णिमा मॅडम पुण्याहून बघायला येणार असा निरोप आला. तेजस्वी घरी जेवताना फोनमध्ये पुण्यातल्या खोल्या बघायला लागली. ताटाशेजारी फोन ठेवायची, आणि मी बघतोय असं वाटलं की पालथा करायची. मला तेवढं दिसत होतं. डोळे माझे उत्तम आहेत.

मी जोतीराम वस्तादांकडे गेलो. आयुष्यात मी कुणाकडे काही मागायला गेलो नव्हतो, आणि हे मी त्यांना आधी सांगून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तालमीतर्फे मोफत तपासणी शिबिर ठेवू, मॅडम येतील त्याच दिवशी. किती माणसं पाहिजेत तेवढं फक्त सांगा.

पन्नासेक माणसं आली. आजी पैलवान, माजी पैलवान, भेंडी बाजूला ठेवून आलेले भाजीवाले, दोन रिक्षावाले. सगळे कापसाच्या गठ्ठ्यांवर बसले. अझीमभाईंनी चहा सांगितला. पूर्णिमा मॅडम कोपऱ्यात खुर्चीवर वही घेऊन बसल्या. तेजस्वीने सगळ्यांना समजावलं की बारीकात बारीक आवाज आला तरी बटण दाबा, नाही आला तर दाबू नका. सगळ्यांनी व्हय म्हटलं. पहिला मान वस्तादांचा.

वस्ताद पाच-सात मिनिटांनी बाहेर आले. दोन्ही हात पसरून म्हणाले, “लई सोपं हाय. मी नव्वद दाबलं.”

तिथे सगळं संपलं. पण हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात आलं नाही. दुसरा आत गेला आणि शंभर दाबून आला. तिसरा एकशे तीस. प्रत्येक जण बाहेर आला की बसलेले विचारायचे, किती? आकडा मोठा असला की शिट्टी पडायची. शिट्टी असावी, तोंडं तशी झालेली दिसत होती. एक जुना पैलवान पंचाहत्तरवर अडकला तर त्याच्या गावचे लोक त्याच्याकडे बघेनात. तो परत रांगेत उभा राहिला. न ऐकू येणं म्हणजे पाठ टेकणं, आणि चारचौघांत पाठ कोण टेकवणार? तेजस्वी मधे मधे मुद्दाम काहीच वाजवत नसे, तरी बटण दाबल्याचा तिच्यासमोरचा दिवा लागत होता. एकाने तर कानांवर यंत्र चढवायच्या आधीच दाबायला सुरुवात केली.

दुपारी एकपर्यंत एक्केचाळीस जण झाले. एक्केचाळीस कागदांवर तेजस्वीने सारखंच लिहिलं, की तपासणी ग्राह्य नाही. पूर्णिमा मॅडम उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं नाही. ते मला संयोगिताने कानाशी येऊन सांगितलं. दिवाळीपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, सोमवारी यंत्र न्यायला गाडी पाठवते, असं त्या म्हणाल्या होत्या. तेजस्वीने फक्त मान हलवली आणि ते एक्केचाळीस कागद एकावर एक नीट रचायला लागली. कडा जुळेनात तर टेबलावर आपटून जुळवायला लागली. लहानपणी रडू आलं की ती दप्तर असंच आवरायची.

मी उठलो आणि म्हणालो, माझं राहिलंय.

खरं सांगायचं तर मी काही थोर हेतूने उठलो नव्हतो. माझा विचार एवढाच होता की इथे एक तरी शिस्तीचा माणूस आहे. मी नेमकं, व्यवस्थित, मोजून दाबीन. निदान एक अहवाल बरा निघेल, कानही चांगले निघतील आणि मॅडमना काहीतरी दाखवता येईल. मी पेटीत जाऊन बसलो. दार बंद झालं. कडी आता बसवलेली होती, ती मी आधी चाचपून बघितली.

सुरुवातीला दोन-चार आवाज आले. घुमल्यासारखे, जाड. मी दाबलं. मग काही येईना. काचेतून तेजस्वी दिसत होती आणि माझ्या लक्षात आलं की ती कळ दाबते तेव्हा तिचा उजवा खांदा हलतो. खांदा हलला, मी दाबलं. परत हलला, परत दाबलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा तिने वर बघितलं. उठली, काचेजवळ आली आणि तिने पडदा ओढून घेतला.

आता समोर निळं कापड होतं. मी थांबलो. काही येत नव्हतं. बाहेर चाळीस-पन्नास माणसं बसली होती आणि दार उघडलं की पहिला प्रश्न काय येणार हे मला माहीत होतं. अंगठा बटणावरच होता. दाबत राहिलो असतो तर मी बेचाळिसावा झालो असतो, नाव राखून घरी गेलो असतो, आणि सोमवारी गाडी आली असती. मला त्या कागदांच्या कडा आठवल्या. मी बटण मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घेऊन बसून राहिलो. किती आवाज येऊन गेले असतील कोण जाणे. मला फार भीती वाटली. लाजही वाटली. साठ वर्षांच्या माणसाला परीक्षेत कोरा कागद देताना वाटेल तशी.

दार उघडलं तेव्हा तेजस्वीच्या हातात आलेख होता. रेघ थोडी सपाट जात होती आणि मग गगनबावड्याचा घाट उतरावा तशी खाली गेली होती. ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

“पप्पा, कधीपासून?”

मी म्हटलं, “पंचवीस-तीस वर्षं झाली असतील.”

“मला त्या पक्ष्यांच्या दुकानातच कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलायची वाट बघत होते,” ती म्हणाली.

मी बाहेर आलो. गठ्ठ्यावरून वस्तादांनी विचारलंच, किती दाबलं? मी म्हणालो सात. कुणी हसलं नाही. त्यांना वाटलं असावं की मी अर्ध्यातून उठून आलो. तेव्हा मी ते पूर्ण वाक्य बोललो, जे मी आरशासमोरही कधी बोललो नव्हतो. “बाकीचं ऐकू आलं न्हाय, वस्ताद. मी बहिरा हाय.”

लोक जमिनीकडे बघायला लागले. अझीमभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. संयोगिता माझ्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मला वाचता येईना. तीस वर्षं लक्ष नसलेल्या माणसाबद्दल तिने जे काही साठवलं होतं त्याचं आता काय करायचं, असं काहीसं असावं.

वस्ताद उठले. माझ्याजवळ आले आणि त्यांच्या मानाने अगदी हळू, म्हणजे सगळ्या गोदामाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पोरीला सांगा, माझं परत एकदा बघ म्हनावं. मगाशी मी नुसताच दाबत हुतो. एक बी आवाज ऐकला न्हाय.”

ते आत गेले. वीस मिनिटांनी बाहेर आले आणि कुणी विचारायच्या आत म्हणाले, अकरा. मग तो पंचाहत्तरवाला पैलवान उठला. मग भाजीवाला. कुणी कुणाला आकडा विचारेना. पूर्णिमा मॅडमनी खांद्याला अडकवलेली पर्स काढून पुन्हा खुर्चीवर ठेवली. मधेच आक्का येऊन बसल्या आणि शेजारच्याला सांगू लागल्या, या पोरीनं माझी दोन वर्षांची चक्कर घालवली. यावर वाद घालायची माझ्यात ताकद उरली नव्हती.

संध्याकाळकडे गर्दी ओसरली तेव्हा तेजस्वीने माझ्या दोन्ही कानांत दोन छोटी यंत्रं बसवली. अजून नीट जुळवायची आहेत, तासभर घालून बसा म्हणाली. मी गठ्ठ्यावर बसलो. सगळं एकदम अंगावर आलं. अझीमभाई कापड कापत होते आणि कात्री चालताना आवाज करते हे मला नव्याने कळलं. कागद वाजत होता. माझी चप्पल वाजत होती. पंख्याचं तर काही विचारू नका. हे सगळं लोक रोज ऐकतात आणि वर कामंही करतात, याचं मला नवल वाटलं. मी यंत्रं काढून टाकणार होतो.

तेवढ्यात पडद्याआड पूर्णिमा मॅडम आणि तेजस्वी बोलायला लागल्या. हळू आवाजात. मी चार हातांवर बसलो होतो, पण माझ्यासमोर काहीही बोलायची घरात सगळ्यांना सवय आहे, आणि यंत्रं अजून नीट जुळवलेली नाहीत हे तिने स्वतःच सांगितलं होतं. मॅडम म्हणत होत्या, यंत्र इथे राहू दे, पण पुण्याची जागा मी आणखी महिनाभर तुझ्यासाठी धरून ठेवते, घाई नको करूस.

“नको मॅडम,” तेजस्वी म्हणाली. “जागा दुसऱ्या कुणाला द्या. मी इथेच राहणार आहे.” मग थोडं थांबून म्हणाली, “पप्पांना एवढ्यात कळू देऊ नका. गल्लीभर सांगत सुटतील.”

मुलीचा खरा आवाज इतका मऊ आहे हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी ती सदैव ओरडते. मला ऐकू जावं म्हणून ओरडत होती हे त्या गठ्ठ्यावर बसून समजलं, आणि मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी कापसात दोन्ही हात खुपसून बसलो.

पडदा सरकवून ती बाहेर आली. सवयीने माझ्या कानाशी वाकली आणि ओरडून विचारलं, “पप्पा, काही ऐकू आलं का?”

“न्हाय बा,” मी म्हणालो. “काहीच न्हाय.”

तिच्या कपाळावर आठी पडली. तिने एका कानातलं यंत्र काढलं, उलटसुलट करून बघितलं, फुंकर मारली, पुन्हा बसवलं आणि बिघाड शोधायला लागली. मी तिला शोधू दिलं.